अलेक्झांडरचे अंगरक्षक वाचायला घेताय?

पहिलंच सांगतो, 'अंगरक्षक' हा शब्द दिसला की जरा थबका. ग्रीक ग्रंथांत 'सोमाटोफिलाकेस' हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो. एक म्हणजे राजाच्या आतल्या गोटातले सात सरदार. टॉलेमी, पर्डिकास, लिओनाटस ही त्यातलीच मंडळी. दुसरे, राजाभोवती पहारा देणारे निवडक शिपाई. मी सुरुवातीला दोन्हींची खिचडी केली आणि सात जणांनी अख्खी आघाडी कशी सांभाळली याचं कोडं महिनाभर सोडवत बसलो!

पायदळातले हायपास्पिस्ट, म्हणजे ढालधारी निवडक शिपाई, सुमारे ३०००; त्यांतली खास राजाची तुकडी म्हणजे अगेमा. घोडदळातही राजाचं वेगळं पथक होतं. इ.स.पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकसच्या काठी अलेक्झांडरवर उगारलेला शत्रूचा हात छाटणारा काळा क्लायटस याच पथकाचा प्रमुख.

नावं पाठ करण्याआधी पंजाबातल्या मल्ली लोकांच्या किल्ल्याचा प्रसंग वाचा. शिड्या मोडल्या, राजा तटावरून थेट आत उतरलेला, सोबत दोघं-तिघंच, आणि छातीत बाण घुसला. तेव्हा प्यूकेस्टसने ट्रॉयच्या मंदिरातून आणलेली पवित्र ढाल त्याच्यावर धरली. पुढे बक्षीस म्हणून त्याला आठवा अंगरक्षक केलं. सातचा आकडा किती पक्का होता, ते इथे कळतं.

रौप्यढालवाले, म्हणजे चांदीने मढवलेल्या ढालींचे जुने हायपास्पिस्ट, मात्र शेवटी घ्या, नाहीतर मन विटेल. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याचे सरदार आपसात लढत असताना, लुटलं गेलेलं सामान आणि बायकापोरं परत मिळावीत म्हणून या म्हाताऱ्या शूरांनी आपल्याच सेनापतीला, युमेनिसला, धरून शत्रूपक्षाच्या अँटिगोनसच्या हवाली केलं.