सोफ्याचा हप्ता राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात देतो.

“मी ६० वर्षांचा आहे. अंबरनाथच्या एका कंपनीतून नुकताच निवृत्त झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ५२ लाख बँकेत आले. पेन्शन महिना ४ हजार, घरखर्च साधारण ३८ हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलीचं लग्न झालं आहे. पत्नी ५७ वर्षांची, गुडघेदुखीने बेजार. हॉलमध्ये पॉवर रिक्लायनर सोफा घ्यायचं ठरवलं आहे. बटण दाबलं की पाय वर, पाठ मागे. ३ + २ चा सेट १ लाख ३२ हजार, नो-कॉस्ट ईएमआयवर महिना ५,५०० चे २४ हप्ते. रोख दिले तर दुकानदार १ लाख २० हजारांत द्यायला तयार आहे. हप्त्याची सोय झालेली आहे, कारण बँकेतल्या मॅडमनी माझे ६ लाख ११ टक्क्यांच्या गॅरंटीड योजनेत ठेवले आहेत, त्याचं महिना ५,५०० व्याज येईल. दर वर्षी ६ लाख असे सात वर्षं ठेवले की बाराव्या वर्षी ६५ लाख मिळतात, करमुक्त. पुढच्या महिन्यात पत्नीच्या नावानेही अशीच योजना सुरू करा असं त्या म्हणतात. कागदपत्रं ४ तारखेला मेलवर आली, पासवर्ड लागतो म्हणून अजून उघडली नाहीत. जुनी कंपनी आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून बोलावते आहे, महिना १५ हजार देतील, पण आता नको वाटतं. प्रश्न एवढाच, की सोफा ईएमआयवर घ्यावा की रोखीने?”

पत्र २२ तारखेचं होतं. त्याच संध्याकाळी मी यांना दोन ओळी पाठवल्या: सोफ्याचं काहीही ठरवू नका, उद्या सकाळी विमा कंपनीच्या शाखेत जा. सविस्तर उत्तर इथे देतो आहे, कारण निवृत्तीचे पैसे नुकतेच खात्यात आलेल्या प्रत्येक घरात हा प्रसंग येतो.

काका, तुम्ही ज्याला योजना म्हणता ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. सात वर्षं हप्ते, बाराव्या वर्षी ठरलेली रक्कम, हे वर्णन दुसऱ्या कशाचं असूच शकत नाही. ती ठेव नाही, म्हणून तिला व्याज नाही. तुमच्याच वर्णनाप्रमाणे बाराव्या वर्षापर्यंत ती एक रुपयाही देणार नाही. सोफ्याचा पहिला हप्ता खात्यातून जाईल त्या दिवशी ५,५०० कुठूनही आलेले नसतील.

मग ११ टक्के आले कुठून? सात वर्षांत तुम्ही भरणार ४२ लाख, मिळणार ६५ लाख, म्हणजे वर २३ लाख, ढोबळ ५५ टक्के. शेवटचा हप्ता सातव्या वर्षी आणि पैसे बाराव्या वर्षी, म्हणून ५५ ला पाचाने भागायचं आणि ११ सांगायचं. पहिला हप्ता पूर्ण १२ वर्षं अडकून पडतो, दुसरा ११ वर्षं, हे हिशेबात धरायचंच नाही. नीट चक्रवाढीने मांडलं तर हा परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास येतो. साधी बँक एफडी याहून जास्त देते. निवृत्त माणसासमोर बसून त्याच्या आयुष्यभराच्या पैशावर असा भागाकार करणाऱ्यांचा मला संताप येतो, आणि तो लपवण्याचं कारण मला दिसत नाही.

करमुक्त हा शब्दही खोटा आहे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांपेक्षा जास्त असेल, तर मुदतीअखेर मिळणाऱ्या रकमेवरचा फायदा करपात्र होतो. तुमचा हप्ता ६ लाख. म्हणजे ७२ व्या वर्षी २३ लाखांचं उत्पन्न एकाच वर्षात तुमच्या नावावर पडेल. आजच्या दरांनी त्यावर तीन-चार लाख कर जाईल आणि परतावा साडेचार टक्क्यांच्याही खाली जाईल. राहिला प्रश्न विमा संरक्षणाचा. मुलगी तिच्या घरी आहे, कर्ज नाही, पगार थांबला आहे. तुमच्यामागे पत्नीला लागणार ती हीच ५२ लाखांची पुंजी. ती हप्त्यांत घालून वर विमा कशासाठी?

पण परतावा कमी असणं हा यातला लहान दोष आहे. मोठा दोष हा की हे हप्ते तुम्हाला झेपणारच नाहीत. ५२ लाखांतून ६ गेले, उरले ४६. खर्चातून पेन्शन वजा केली तर वर्षाला चार लाखांवर रक्कम मुद्दलातून जाणार, व्याज साडेसहा टक्क्यांनी सुरुवातीला तीन लाखांच्या आत येणार, आणि दर वर्षी ६ लाखांचा हप्ता. मी वर्ष-वर्ष मांडून पाहिलं. महागाई शून्य धरली, दवाखान्याचा खर्च शून्य धरला, तरी सहावा हप्ता भरल्यावर हातात पाच लाखांच्या आत उरतात. सातवा भरायच्या वेळी लाखभरही नसतात. पत्नीच्या नावाची दुसरी पॉलिसी घेतलीत, तर तीन वर्षांनी येणारा हप्ताच भरता येणार नाही. हप्ते मध्येच थांबले की ठरलेली रक्कम मोठ्या प्रमाणात कापली जाते. तुमची कमाई विचारून हा हप्ता ठरवला असता, तर हे मॅडमना पाच मिनिटांत दिसलं असतं.

आता सुटका. पॉलिसीचा दस्तऐवज हातात किंवा मेलवर आल्यापासून ३० दिवस तुम्हाला ‘फ्री लूक’ची मुदत असते. अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी परत करता येते. पूर्वी ही मुदत बहुतेक पॉलिसींना १५ दिवसांची होती, २०२४ पासून ३० झाली. मेल तुम्ही उघडला की नाही, यावर विसंबून राहू नका. ४ तारखेपासूनच दिवस मोजा.

अर्ज विमा कंपनीकडे द्यायचा, बँकेकडे नाही. बँक इथे फक्त एजंट आहे. कंपनीच्या शाखेत जाऊन पॉलिसी क्रमांक, “फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे, भरलेला हप्ता परत करावा” एवढं एक वाक्य, कारण म्हणून “ठेव सांगून विकली, दर वर्षी हप्ते झेपणार नाहीत”, रद्द केलेला चेक आणि सही. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घ्या. तोच अर्ज कंपनीच्या तक्रार विभागाला मेलही करा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि गेलेल्या दिवसांपुरता विम्याचा थोडा आकार कापून बाकी रक्कम परत मिळते. अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत ती द्यायची असा नियम आहे.

फोन येतील. “सर, महिनाभर थांबा, मी बघते”, “याऐवजी दुसरी चांगली योजना देते”, “लॉकरचं तेवढं जमवून देते”. महिनाभर थांबलात की मुदत संपली. फोनवर चर्चा करू नका, जे असेल ते लेखी पाठवा म्हणून सांगा. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा, त्यानंतर विमा लोकपाल. लोकपालाकडे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत.

ज्यांची ही मुदत उलटून गेली आहे त्या वाचकांसाठी एवढंच: दुसरा हप्ता भरण्याआधी थांबा आणि सरेंडर किंमत, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर हातात येणारी रक्कम, कंपनीकडून लेखी मागवा. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार अशा पारंपरिक पॉलिसीत एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर वर्षानंतर काही रक्कम परत मिळते. तोटा होतो, पण पुढचे ३६ लाख वाचतात.

काका, ६ लाख परत आले की ५२ लाखांची मांडणी अशी करा. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याचा दर ८.२ टक्के, एका व्यक्तीला मर्यादा ३० लाखच, मुदत पाच वर्षं, सरकारची हमी. दर तिमाहीला ६१,५०० खात्यात येतील, महिन्याला २०,५०० पडले. खातं पोस्टात किंवा तुमच्याच बँकेत निघतं. ज्या टेबलावर तुम्हाला पॉलिसी विकली तिथे या खात्याचा फॉर्मही मिळाला असता. पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावरचं कमिशन त्यात नसतं, म्हणून कोणी तो आपणहून पुढे करत नाही.

९ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५० येतील. सोफ्याच्या हप्त्यासाठी ज्या साडेपाच हजारांची तुम्ही वाट पाहत होता, ते खरोखर देणारी योजना ही. त्यासाठी ६ नव्हे, ९ लाख लागतात. आणि हे पैसे किराण्याला हवे आहेत.

पेन्शन धरून महिन्याचे ३० हजार झाले. खर्च ३८. तूट ८ हजार, वर्षाला जवळपास लाख. त्यात अजून एक गोष्ट मिळवायची आहे, जिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही: मेडिक्लेम. कंपनीचा गट विमा असेल, तर तो नोकरीबरोबर सहसा संपतो. आज तुम्हा दोघांकडे काही संरक्षण आहे का, हे आधी कंपनीच्या एचआरला विचारा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि गट विम्यात घालवलेल्या वर्षांचा प्रतीक्षा काळात फायदा मिळतो. त्यासाठी दिवस घालवू नका. नव्याने पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया याच कचाट्यात सापडते. खासगी रुग्णालयात एका गुडघ्याला दोन-तीन लाख सहज लागतात. फॉर्मवर वहिनींची गुडघेदुखी स्पष्ट लिहा. लपवलीत तर नेमका तोच क्लेम नाकारला जाईल. दोघांचा हप्ता वर्षाला ४०-५० हजार धरा.

म्हणजे तूट झाली वर्षाला दीड लाखाची. उरलेल्या १३ लाखांतले ४ दवाखान्यासाठी वेगळ्या एफडीत, त्यांना इतर कशासाठी हात लावायचा नाही. ५ लाख लहान-लहान एफडींत, तूट भरून काढायला. साडेतीन लाख इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर्स घेणारा म्युच्युअल फंड), आठ-दहा वर्षं न बघता, महागाईसाठी. पन्नास हजार सोफ्यासाठी, त्यावर येतोच. ५ लाखांत दीड लाखाची तूट तीन-साडेतीन वर्षं निघेल, पुढे नाही. म्हणून ते आठवड्याचे दोन दिवस. काका, जा. महिना १५ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार, पूर्ण तूट भरून वर ३० हजार. तीन वर्षं गेलात तरी ते ५ लाख जवळपास जसेच्या तसे राहतील. दमलेल्या माणसाला हे सांगणं मला आवडत नाही. पण ४ हजारांची पेन्शन आणि ३८ हजारांचा खर्च असताना याहून सोपा मार्ग कुठलीही योजना देणार नाही, आणि देते असं जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा.

आता तुमचा मूळ प्रश्न. रोखीने १ लाख २० हजार आणि हप्त्यांनी १ लाख ३२ हजार, तर १२ हजार हे व्याजच आहे. हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जातं, म्हणून खरा दर नऊ टक्क्यांच्या वर जातो, प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. तेव्हा रोखीने.

पण ३ + २ चा सेट घेऊच नका. पॉवर रिक्लायनर पूर्ण उघडला की पाच-साडेपाच फूट जागा खातो. साधी रचना असेल तर मागे भिंतीपासून फूटभर अंतरही लागतं. डोंबिवलीतला हॉल दहा फूट रुंद धरा, समोर दीड फुटाचं टीव्ही युनिट. जायला-यायला वाट उरते दोन-अडीच फूट, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिथून वहिनींनीच जायचं आहे. गरज त्यांची आहे, तर त्यांच्यासाठी एक खुर्ची घ्या, ‘लिफ्ट’ प्रकारची. तिची बैठक मोटरवर वर उचलली जाते आणि पुढे कलते, त्यामुळे उठताना गुडघ्यांवर जोर येत नाही. तुम्ही पाहिलेल्या सेटमध्ये पाय वर होतात, पण उठताना ताकद गुडघ्यांनाच लावावी लागते. हाताने चालणारा स्वस्त रिक्लायनर तर नकोच, त्याचा पायाचा भाग पोटऱ्यांनी दाबून बंद करावा लागतो. अशी एक खुर्ची ४५-५० हजारांच्या आसपास मिळायला हवी. जुन्या लाकडी सोफ्याचा फोम आणि कापड बदलून घ्या, पाहुण्यांना तो पुरतो.

दुकानात वहिनींना घेऊन जा, अर्धा तास बसू द्या, चारदा उठू द्या. पाय जमिनीला पूर्ण टेकतात ना ते बघा. वीज गेली तर खुर्ची बंद करायला बॅटरी आहे का विचारा, नाहीतर पाय वर असताना माणूस अडकतो. वॉरंटी सांगाड्याची वेगळी, मोटरची वेगळी असते, दोन्ही बिलावर लिहून घ्या. लेदरेट, म्हणजे आपलं रेग्झिन, आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे धरतं, तेव्हा कापडी आवरण निवडा. प्लग खुर्चीच्या मागेच हवा, वायर वाटेत आली तर पाय अडकेल.

आणि दुकानात जायचं ते ६ लाख खात्यात परत जमा झाल्याचा मेसेज आल्यावर.