पॅनल भिंतीवर लागला, शिकवण्यात कधी येणार?

प्रश्न : आमच्या सातशिक्षकी जिल्हा परिषद शाळेला गावकऱ्यांच्या देणगीतून ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाच्या स्पर्शाने चालणारा मोठा पडदा, मिळाला. विक्रेत्याचा माणूस दोन तास सगळे दाखवून गेला. त्याला तीन महिने झाले. आता त्यावर शनिवारी गाण्यांचे व्हिडिओ लागतात, एवढेच. पुन्हा प्रशिक्षण ठेवावे का?
– एक मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : ठेवा, पण तसलेच नको. विक्रेता पॅनलला काय काय येते ते दाखवतो. शिक्षकाला हवे असते ते वेगळेच : सोमवारी चौथीला अपूर्णांक घेताना मी नेमके काय करू? दोन तासांत पंचवीस सोयी पाहिल्या की घरी पोहोचेपर्यंत एकही लक्षात राहत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०च्या दशकातच हे मांडले होते. सांगून, दाखवून आणि सराव करून घेऊन कौशल्य येते, पण ते रोजच्या वर्गात उतरायला सोबतीला कोणीतरी लागते.

म्हणून आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर ४० मिनिटे, असे सहा आठवडे ठरवा. पहिल्या आठवड्यात पाठाचे नावही काढू नका, फक्त चालू-बंदची कवायत करा. प्रत्येकाने स्वतः पॅनल सुरू करायचा, एचडीएमआय वायर लावायची, सोर्स (चित्र कुठून घ्यायचे ते) निवडायचा, आवाज आणायचा आणि सगळे नीट बंद करायचे. मॅडम, तुम्हीसुद्धा. इथे तीन गोष्टी हमखास अडतात. लॅपटॉपचे चित्र येतच नाही, तेव्हा विंडोजचे बटण धरून पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा. चित्र येते पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो, तेव्हा खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन पॅनलचे नाव निवडा. मोबाईलचा पडदा पॅनलवर जात नाही, कारण बहुतेक वेळा दोन्ही एकाच वायफायवर नसतात. शाळेत वायफाय नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून पॅनल त्याला जोडून पाहा. हे तिन्ही उपाय ठळक अक्षरांत लिहून पॅनलशेजारी चिकटवा. चाळीस मुलांसमोर पहिली पाच मिनिटे वायर चाचपण्यात गेली की शिक्षक खडू उचलतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

दुसऱ्या आठवड्यात जोड्या लावा. तुम्ही सात जण आहात, म्हणजे एक गट तिघांचा होईल. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यातला आपला एकच पाठ घ्यायचा, आणि त्यातलीही फक्त दहा मिनिटे पॅनलला द्यायची. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीत, तीन ओळी वाढवा : पॅनलवर काय दिसेल, त्या वेळी मुले काय करतील, आणि पॅनल बंद पडला तर काय. दुसरी ओळ रिकामी राहिली तर समजा, तुम्ही मुलांना टीव्ही दाखवणार आहात. तिसरी ओळ रिकामी राहिली तर वीज जाताच तासिका बुडाली. उदाहरणार्थ अपूर्णांकासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत संचातले सिम्युलेशन (पडद्यावर हाताळता येणारा प्रयोग) उघडा. एक मूल पॅनलवर वर्तुळाचे भाग करते, बाकीचे तोच अपूर्णांक वहीत काढतात. वीज गेली की कागदाच्या घड्या घालून तेच पुढे चालू.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात एकाने शिकवायचे आणि जोडीदाराने मागे बसायचे. त्याने पाहायचे ते मुलांकडे : किती जणांचे हात चालले, कोण नुसते बघत राहिले. शिक्षकाचे बोट चुकीच्या बटणावर गेले याची नोंद करू नये. नंतर दहा मिनिटे बोलणे पुरे. मात्र मागे बसणाऱ्याचा स्वतःचा वर्ग तेवढा वेळ कोणीतरी सांभाळायला हवा, नाहीतर योजना कागदावरच राहते. ते काम तुमचे. सहाव्या आठवड्यात चाललेले पाठ एकाच पेनड्राइव्हवर, इयत्ता आणि विषयाचे नाव देऊन ठेवा.

एक आगाऊ सूचना. बोटाचा स्पर्श उडू लागला किंवा पॅनलवर आपोआप रेघा उमटू लागल्या की लगेच दुरुस्तीवाल्याला बोलावू नका. बहुतेक पॅनलमध्ये चौकटीतून जाणाऱ्या अवरक्त किरणांवर स्पर्श ओळखला जातो, आणि खडूची पूड नेमकी त्या चौकटीच्या आतल्या कडेला साठते. पॅनल बंद करून मऊ, कोरड्या कापडाने ती कड दर आठवड्याला पुसा. पॅनलवर थेट ऊन येत असेल तर खिडकीला पडदा लावा. खडूचा फळा लगतच असेल तर तो ओल्या फडक्याने पुसण्याची सवय लावा.

प्रश्न : माझे वय ५४. माझ्या प्रश्नपत्रिका जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. पॅनलवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तरुण सहकाऱ्यांना सारखे विचारायला संकोच वाटतो.
– एक माध्यमिक शिक्षक, नांदेड

उत्तर : सर, खिचडीत तुमचा दोष नाही. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेले असते इंग्रजी अक्षरच, त्यावर मराठीचे फक्त चित्र चढवलेले असते. दुसऱ्या यंत्रात तो फॉन्ट नसला की मूळ अक्षर उघडे पडते. ज्या कागदांत आता बदल करायचा नाही, ते तुमच्या जुन्याच संगणकावर पीडीएफ करून ठेवा, म्हणजे कुठेही जसेच्या तसे दिसतील. बदल करायचे असतील तर फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणा. त्यानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात. नवे लिखाण मोबाईलवर करत असाल तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा, माइक दाबा आणि बोला. विरामचिन्हे मागाहून हाताने घालावी लागतील.

जोडीदार तरुण घ्या, पण माउस स्वतःच्या हातात ठेवा. “द्या सर, मी करून देतो,” हे वाक्य प्रेमाचेच असते, पण त्यानंतर तुमचे शिकणे थांबते. देवाणघेवाण बरोबरीची करा : त्याने युनिकोड दाखवावे, तुम्ही त्याला मुले कोणत्या उदाहरणात अडखळतात ते सांगावे.

प्रश्न : गावात रेंज नाही, वीज केव्हाही जाते. आम्ही काय करावे?
– एक शिक्षिका, नंदुरबार

उत्तर : जे लागेल ते रेंज असलेल्या ठिकाणीच उतरवून आणा. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने स्कॅन करा, किंवा त्याखालचा सहा अक्षर-अंकी संकेत टाका, आणि साहित्य डाउनलोड करून ठेवा. ‘फेट’ची नवी सिम्युलेशन एकेका फाइलमध्ये उतरतात आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतात, बरीचशी मराठीतही आहेत. वीज गेल्यावर थोडा वेळ पुरवठा चालू ठेवणारा यूपीएस घेताना पॅनलच्या मागच्या पट्टीवरचे वॅट पाहा आणि त्याच्या दुप्पट व्हीए (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसवर लिहिलेली क्षमता) असलेला घ्या. तो पाठ पुरा करण्यासाठी नसून पॅनल नीट बंद करण्यापुरता असतो.

प्रश्न : माझ्या केंद्रातल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या शाळांत पॅनलचे प्रशिक्षण वर्गात उतरले की नाही, हे कसे ओळखावे?
– एक केंद्रप्रमुख, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवते. तास भरतात, प्रमाणपत्रेही मिळतात, पण त्यावरून वर्गातले काही कळत नाही. भेटीच्या वेळी पहिल्या उत्तरात सांगितलेल्या टाचणातल्या त्या तीन ओळी वाचा. एखाद्या शिक्षकाला पॅनल सुरू करायला सांगून गप्प उभे राहा. मग एक प्रश्न विचारा : “करून पाहिले आणि सोडून दिले, असे काय?” ज्याच्याकडे याचे उत्तर आहे त्याने खरोखर वापरले आहे. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत अशा दोन शिक्षकांना वीस-वीस मिनिटे द्या, चाललेला आणि फसलेला असे दोन्ही पाठ मांडू द्या. आणि व्हॉट्सॲप गटावर पॅनलसमोरचे फोटो मागवणे बंद करा. फोटो मागितले की फोटोपुरताच पॅनल लागतो.