दार उघडलं की हा बाहेर!

"बाकी अगदी गुणी आहे हो, फक्त दार उघडलं की सुटतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरचा माणूस 'बाकी अगदी गुणी' म्हणाला की पुढचं मला न सांगता कळतं. मी कुत्र्यांना शिकवते, आणि ही तक्रार माझ्याकडे मोठ्यांपेक्षा छोट्या कुत्र्यांचीच जास्त येते. का, तर मोठा कुत्रा दारात धडकला की माणूस आडवा होतो, म्हणून त्याला पहिल्यापासून थांबायला शिकवतात. छोट्याला काय, पटकन उचलून घेतात. पण उचललेला कुत्रा थांबायला शिकतच नाही, हातात कसं सापडायचं नाही एवढंच शिकतो.

टिल्लूची केस म्हणूनच सांगावीशी वाटली. (नाव बदललंय.) चार किलोचा जीव, दार फटभर उघडलं तरी पायांमधून पसार. टिल्लूची आई, म्हणजे घरात सगळे त्यांना तेच म्हणतात, अक्षरशः रडकुंडीला आल्या होत्या. मी विचारलं, पळाला की काय करता?

"काय करणार, धावतो मागे. मी, हे, पोरगा, सगळेच."

"आणि तो?"

"थोडा पुढे जातो, थांबतो, वळून बघतो. आम्ही जवळ गेलो की परत सुटतो."

"आणि सापडल्यावर?"

"मारत नाही हं, पण ओरडते चांगली. कळायला नको का त्याला?"

आता हे 'वळून बघतो' फार महत्त्वाचं आहे. खरंच जीव घेऊन पळणारा कुत्रा थांबून तुमची वाट बघत बसत नाही. टिल्लूच्या लेखी हा खेळ होता, आणि दिवसातला सगळ्यात भारी खेळ, कारण एरवी मोबाईलमध्ये बघत बसलेली तीनही माणसं एकदम त्याच्या एकट्याच्या मागे धावत होती! आणि ओरडण्याचं म्हणाल तर कुत्रा ओरडा जोडतो तो त्या क्षणाशी. पाच मिनिटांपूर्वी दारातून पळालो म्हणून नाही, आत्ता आईच्या हातात आलो म्हणून ओरडा बसला, हाच त्याचा हिशोब. पुढच्या वेळी तो अजून लांब थांबणार.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच दारात बसले. टिल्लूला हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, आणि दोरी माझ्या हातात. (छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, हिसके देणाऱ्याला गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा हार्नेस बरा.) म्हटलं रोज उघडता तसं दार उघडा. त्यांनी कडीला हात लावला, टिल्लू कुंईकुंई करत दार खरवडायला लागला, आणि त्यांनी घाईघाईने कडी काढली.

"घाई का केलीत?"

"अहो तो ऐकतच नाही ना!"

"मग दार कोण उघडतं तुमच्या घरात?"

त्या दोन क्षण गप्प, मग जोरात हसल्या. "म्हणजे हाच उघडायला लावतो की मला!"

माझ्यासाठी केस इथेच अर्धी सुटली. आमच्या क्षेत्रात अजूनही 'कुत्र्याला दाखवून द्या मालक कोण' म्हणणारे आहेत, दारातून आधी माणसाने जायचं वगैरे, मला ते कधीच पटलं नाही. टिल्लूला राजा-बिजा व्हायचं नव्हतं, त्याला बाहेर जायचं होतं, बस. मी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅकच्या बाजूची. त्याने 1959 साली लहान मुलांना पिनबॉलचा खेळ आणि खाऊच्या गोळ्या देणारं मशीन अशी दोन्ही दिली, आणि दिसलं असं की ज्यांना खेळ जास्त आवडतो ती मुलं खेळायला मिळावं म्हणून जास्त गोळ्या खातात. म्हणजे बक्षीस खाऊच असलं पाहिजे असं नाही, जे मनापासून करावंसं वाटतं तेच बक्षीस. मग बाहेर जाणं हीच टिल्लूची सगळ्यात मोठी कमाई असेल तर ती त्याला नाकारायची कशाला? तो थांबला की तीच द्यायची!

नियम एकच ठेवला. नाक दाराकडे आलं की कडीवरचा हात खाली. ओरडायचं नाही, 'थांब थांब' चा जप नाही. चारही पाय मागे, की हात परत कडीवर. तो परत पुढे, हात परत खाली. टिल्लूने सगळे प्रकार करून बघितले, खरवडणं, भुंकणं, गोल फिरणं, आईच्या पायावर चढणं. शेवटी वैतागून मागे जाऊन बसला. दार बोटभर उघडलं. तो उठला, दार बंद. (पंजा अडकणार नाही हे बघूनच बंद करायचं, छोट्यांचे पंजे फटीत सहज जातात.) परत बसला, आणि या वेळी त्याने दाराकडे बघितलंच नाही, मान वर करून आईकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, आता. त्या 'चल' म्हणाल्या आणि आम्ही तिघं बाहेर. खरं सांगते, इतकी वर्षं हे काम करतेय पण ती नजर बघायला मिळाली की अजून अंगावर काटा येतो. 'दार कसं मिळवू' वरून 'तुला काय हवंय' वर येतो कुत्रा त्या क्षणी.

पुढे नुसता सराव. दार उघडूनही बाहेर जायचं नसेल तेव्हा खाऊ द्यायचा, पण तो दारापासून लांब, त्याच्या मागे जमिनीवर टाकायचा, कारण खाऊ जिथे मिळतो तिथेच कुत्रा घुटमळतो. वरून हातात दिला तर छोटे कुत्रे उड्या मारत पुढेच येतात. 'चल' हा शब्द घरातल्या प्रत्येकाने तोच वापरायचा. बेल वाजली, पाहुणे आले, हे सगळ्यात अवघड, ते शेवटी घ्यायचं. आणि पक्कं होईपर्यंत एकही पळणं यशस्वी होऊ द्यायचं नाही, दहातून एकदा जमलं तरी तो बाकी नऊदा प्रयत्न करत राहतो. म्हणून आत लहान मुलांचं गेट लावा, फक्त गजांमधलं अंतर बघून, चार किलोवाला त्यातून आरामात निघतो.

आणि तरीही सुटलाच तर मागे धावू नका. आनंदाने हाक मारत उलट्या दिशेला पळा, किंवा सरळ खाली बसा, तिरके. जवळ आला की कौतुकच, कितीही राग आलेला असो. कातडीखालची मायक्रोचिप जरूर बसवा, पण त्याने कुत्रा कुठे आहे ते दिसत नाही, कुणाला सापडला आणि स्कॅन केला तर फक्त नंबर कळतो. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच.

फटाक्यांना घाबरून पळणारा, नसबंदी न झालेला मादीच्या वासावर जाणारा, किंवा घरी एकटं राहायच्या भीतीने दार फोडणारा, यांना हा उपाय पुरत नाही, तिथे आधी पशुवैद्यांशी बोला.

टिल्लूच्या आईचा नंतर फोन आला, घरचं दार एकदम मस्त, पण गाडीचं दार उघडलं की उडी मारतो. म्हटलं मारणारच, त्याच्यासाठी ते वेगळंच दार आहे, एका दाराचा धडा कुत्रे आपणहून दुसऱ्या दाराला लावत नाहीत. आधी दोरी हातात घ्या, मगच गाडीचं दार, आणि पहिल्यापासून सुरू करा.