उत्तर: सात महिन्यांत हार्ड डिस्क गेली, दुकानदार म्हणतो "कंपनीत पाठवली"

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् जुनं दुखणं वर आलं. घाटंजीकडच्या गावात ऑनलाइन केंद्रासाठी ३८ हजारांचा असेम्बल (सुटे भाग जोडून केलेला) सीपीयू, सात महिन्यांत डिस्क बंद, दुकानदार फोन उचलत नाही, अन् हाती कोटेशनचा एक कागद. केबल बदलली का, डिस्क दुसऱ्या मशिनला लावून पाहिली का, हे विचारत नाही. केंद्र चालवता म्हणजे ते झालंच असेल.

घोळ कागदात झालाय. असेम्बल मशिनला एक वॉरंटी नसते. बोर्ड, रॅम, डिस्क, एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा), सगळ्यांच्या कंपन्या वेगळ्या, मुदती वेगळ्या, अन् कंपनी ओळखते फक्त त्या भागावरचा सिरियल नंबर. बिलावर "कॉम्प्युटर सेट, १ नग" एवढंच असलं तर पक्क्या बिलाचाही उपयोग अर्धाच. लॅपटॉपचं तर आणखी वेगळं. बिल दाखवलं नाही तर बऱ्याच कंपन्या माल त्यांच्याकडून निघाला त्या तारखेपासून वॉरंटी मोजतात. म्हणजे दुकानात आठ महिने पडून राहिलेल्या "नवीन" लॅपटॉपची वर्षाची वॉरंटी घरी येईपर्यंत चारच महिने उरलेली. बिल पाठवून तारीख दुरुस्त करून घेता येते, पण बिलावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. मला सगळ्यात महाग पडलं ते नागपुरातलं एक सर्व्हिस सेंटर, नाव घेत नाही. बिलावर शून्याच्या जागी इंग्रजी ओ छापला गेला होता, तेवढ्यावरून काउंटरवरच्या माणसानं मशिन हातातही घेतली नाही. दुकानदार म्हणे बिल बदलता येत नाही, सेंटर म्हणे दुसरं आणा. म्हणून सांगतो, नंबर हातानं उतरवू देऊ नका. बॉक्सवरचा बारकोड दुकानातच स्कॅन करायला लावा, अन् झाकण बंद व्हायच्या आधी प्रत्येक भागाच्या स्टिकरचा फोटो काढा.

आता तुमचं. कोटेशनवर जीएसटी नंबर छापलाय का पाहा. पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकान खरं का खोटं कळतं. पैसे यूपीआयनं दिले असतील तर तो व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, सगळं जपून ठेवा. दुकानदाराला लेखी विचारा: डिस्कचा सिरियल नंबर काय, कोणत्या तारखेला पाठवली, दुरुस्तीला दिल्याची पावती, म्हणजे जॉबशीट, कुठाय. तोंडी "पाठवली"ला काही अर्थ नाही. सहसा एवढ्यानंच डिस्क सापडते.

नाही सापडली तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठलंही असो. वस्तूची रक्कम पाच लाखांच्या आत असली तर फी नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. समोरचा म्हणेल, "धंद्यासाठी घेतलं, हा ग्राहकच नाही." तक्रारीत आधीच लिहा की पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलं, त्याला कायद्यात सूट आहे. मी वकील नाही, भरण्याआधी कुणाला तरी दाखवून घ्या.

बदली डिस्क आली तरी लगेच काम सुरू करू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर टाकून "पॉवर ऑन अवर्स", म्हणजे डिस्क किती तास चालली, ते बघा. वॉरंटीत कंपनी बहुतेक दुरुस्त केलेलीच डिस्क देते अन् तिला जुनीची उरलेली वॉरंटी लागू होते, ते चालतं. पण दुकानदारानं "नवीन" म्हणून दिलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती कुठल्या तरी ऑफिसातून निघालेली आहे. वर्ष अखंड चालली की ८७६० तास होतात, त्यावरून अंदाज घ्या. हा आकडा शून्य करणारेही महाभाग आहेत, त्यामुळं शून्य दिसलं म्हणून खूश होऊ नका.

तेच प्रोसेसरचं. "आय-फाइव्ह" एवढ्यावर भाळू नका राजेहो. टास्क मॅनेजरमध्ये नाव बघा; आय-फाइव्ह ३४७० असेल तर तिसरी पिढी, २०१२ चा माल. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते अन् विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे लायसन्स लागू आहे का, तेही तपासा. १८० दिवसांची मुदत दिसली तर ते कंपन्यांसाठीचं व्हॉल्यूम लायसन्स आहे, तुमच्यासारख्या एकट्या मशिनवर ते जुगाडानंच बसवलेलं असतं. अशा मशिनवर लोकांचे आधार अन् सातबारे ठेवणं मला पटत नाही. (गेलेल्या डिस्कमध्येही ते असतील. दुकानदाराला लेखी कळवा की डेटा काढायचा नाही.)

डिस्क का गेली हे सांगता येणार नाही, पण रब्बीत विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की गावची लाइन १८० व्होल्टच्या खाली येते. मल्टीमीटरनं न्यूट्रल अन् अर्थिंगमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगचा खड्डा आधी नीट करा. सहाशे व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यावर सीपीयू अन् मॉनिटर एवढंच. लेझर प्रिंटर चुकूनही लावू नका. त्याचा हीटर चालू होताना एवढा लोड घेतो की यूपीएस ट्रिप होतो अन् सीपीयू चालू कामात बंद पडतो. आपल्या उन्हाळ्यात यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांच्या पुढं टिकत नाही. तिचंही वेगळं बिल घ्या.