वाचकांचे प्रश्न : भाड्याचे सॉफ्टवेअर आणि आपल्या फाइली

प्रश्न : सांगलीत माझा लग्नपत्रिका आणि छोट्या पुस्तकांच्या डीटीपीचा व्यवसाय आहे. एकदाच पैसे भरून घेतलेले जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही. विक्रेता म्हणतो, ॲडोबीचे वार्षिक सबस्क्रिप्शन मासिक हप्त्याने घ्या, ते जाणवणारही नाही. हे परवडेल का? आणि पुढे बंद केले, तर माझ्या कामांचे काय होईल? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे, परंतु आधी हिशेब पाहू. ॲडोबीने मे २०१३मध्ये जाहीर केले, की क्रिएटिव्ह सूटची (फोटोशॉप, इनडिझाइन अशा प्रोग्रॅमच्या संचाची) नवी आवृत्ती यापुढे निघणार नाही आणि पुढील सुधारणा फक्त सबस्क्रिप्शन घेणाऱ्यांनाच मिळतील; त्यामुळे २०१२ची सीएस६ ही कायमच्या परवान्याची शेवटची आवृत्ती ठरली. त्या वेळी अमेरिकेत सीएस६च्या संपूर्ण संचाची किंमत २,५९९ डॉलर होती आणि वार्षिक करारावर सर्व प्रोग्रॅम महिना ४९.९९ डॉलरला मिळत होते, म्हणजे ५२ महिन्यांत संचाची किंमत भरून होत असे. प्रत्येक नवी आवृत्ती विकत घेणाऱ्या मोठ्या स्टुडिओला ही पद्धत सोयीची ठरली. एकदा घेतलेले सॉफ्टवेअर आठ-दहा वर्षे वापरणाऱ्याला मात्र ती महाग पडली, आणि आपल्याकडील अनेक छोटी मुद्रणालये याच दुसऱ्या गटात मोडतात. पेजमेकर या पानांच्या जुळणीच्या जुन्या प्रोग्रॅमची अखेरची आवृत्ती २००१ची, तरीही मराठी पुस्तकांची जुळणी त्यावर पुढे कितीतरी वर्षे होत राहिली.

दरमहा बिलाची कामे नियमित येत असतील, तर सबस्क्रिप्शनचा खर्च दुकानाच्या भाड्यासारखा कामाच्या दरात धरता येतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी असेल, तर खरेदी करतानाच आपला जीएसटी क्रमांक बिलावर येईल असे पाहावे, म्हणजे त्या कराचे क्रेडिट (आपल्या देय करातून वजावट) मागता येईल. लग्नसराईचे चार-पाच महिने सोडून एरवी काम तुरळक असेल, तर वर्षभराचा करार मुळीच घेऊ नये. करार नसलेली निव्वळ मासिक योजना महिन्याच्या हिशेबाने महाग असली, तरी हंगामी व्यवसायाला तीच स्वस्त पडू शकते.

‘वार्षिक करार, मासिक हप्ता’ या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हप्ता महिन्याचा असला, तरी बांधिलकी वर्षाची असते. मुदतीपूर्वी योजना सोडताना उरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा आकारला जातो आणि ही अट ग्राहकांना पुरेशी स्पष्टपणे दाखवली जात नाही, अशा आरोपांवरून अमेरिकेच्या सरकारने जून २०२४मध्ये ॲडोबीवर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. त्या तक्रारीनुसार पहिल्या १४ दिवसांनंतर रद्द करणाऱ्याकडून उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम घेतली जात होती. महिन्याचे भाडे आकारण्याबद्दल माझी तक्रार नाही. बाहेर पडण्याची किंमत लहान अक्षरांत ठेवणे मात्र मला अन्यायाचे वाटते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे वळते होण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना येते आणि ती परवानगी बँकेकडे रद्दही करता येते. तथापि बँकेकडची परवानगी रद्द केल्याने कंपनीशी झालेला करार संपत नाही, हे विसरू नये.

आता फाइलींविषयी. सबस्क्रिप्शन संपल्यावर तुमच्या संगणकावरच्या फाइली तुमच्याच राहतात, पण त्या उघडून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम बंद होतो. पुस्तकांची पाने लावण्याच्या इनडिझाइन या ॲडोबीच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते, कारण नव्या आवृत्तीत साठवलेली मूळ फाइल जुनी आवृत्ती थेट उघडत नाही. म्हणून प्रत्येक काम संपल्यावर मूळ फाइलीसोबत तिची आयडीएमएल (इनडिझाइनच्या जुन्या आवृत्तीतही उघडणाऱ्या स्वरूपातील) प्रत, फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ आणि निव्वळ मजकुराची युनिकोड (कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतातील) प्रत ठेवावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या पुस्तकांसाठी ही तिसरी प्रत सर्वांत मोलाची असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर संपूर्ण पुस्तक अगम्य चिन्हांची रांग होऊन बसते, आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी लेखक दाराशी येतो तेव्हा सगळे पुन्हा टाइप करावे लागते.

पर्यायांचाही विचार करावा. कोरलड्रॉ सबस्क्रिप्शनने आणि एकरकमी किमतीलाही विकले जात आले आहे, आणि पत्रिकांच्या कामाला ते पुरते. पुस्तकांसाठी स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. जानेवारी २०२४मधील त्याच्या १.६ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. तरीही कोणताही प्रोग्रॅम निवडण्यापूर्वी ‘राष्ट्र’, ‘दऱ्या’, ‘लक्ष्मी’, ‘उद्ध्वस्त’ असे शब्द असलेले एक पान लावून, त्याची पीडीएफ काढून, ती तुमच्या छपाईवाल्याकडे पाठवून पाहावी. पडद्यावर बरोबर दिसणारे जोडाक्षर छपाईच्या प्लेटवर फुटलेले निघाले, तर नुकसान तुमचे होते.

प्रश्न : माझी मुलगी उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्यासाठी सशुल्क सॉफ्टवेअर घ्यावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते उपलब्ध असेल, तर पहिल्या वर्षी घरी घेण्याची घाई करू नये. रेखाचित्रासाठी क्रिता आणि व्हेक्टर कामासाठी (कितीही मोठे केले तरी न फाटणाऱ्या रेषा-आकारांच्या चित्रांसाठी) इंकस्केप ही दोन्ही मोफत आहेत. ॲफिनिटी हे सॉफ्टवेअरदेखील कॅनव्हाने २०२४मध्ये विकत घेतल्यावर ऑक्टोबर २०२५पासून मोफत केले, मात्र त्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींना पैसे पडतात. चित्रफीत संपादनाची आवड असेल, तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती दीर्घकाळ पुरेल. नोकरीच्या जाहिरातींत फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर यांची मागणी असते, त्यामुळे शेवटच्या वर्षी विद्यार्थी सवलतीत ते घ्यावे. सवलतीचा दर पहिल्या वर्षापुरता असू शकतो, म्हणून नूतनीकरणाचा दर खरेदीपूर्वीच वाचून घ्यावा आणि त्या तारखेच्या आधीचे स्मरण मुलीच्या नव्हे, ज्यांचे कार्ड आहे त्यांच्या मोबाइलमध्ये लावावे.