त्या रात्रीची खिडकी

"मॅडम, खिडकी मीच उघडली होती." समुपदेशनाच्या पहिल्याच ऑनलाइन सत्रात ती हे तीनदा म्हणाली.

ती मूळची साताऱ्याची, राहते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला. मुलगा पाच वर्षांचा. सर्दी झाली की त्याचा खोकला तीन-तीन आठवडे हटत नाही, कधी छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. मग तिचं मन थेट सप्टेंबर २०२० मध्ये जातं. मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा. ऑगस्टमध्ये विजा पडून कॅलिफोर्नियात वणवे पेटलेले, त्यात उष्णतेची लाट, घरात एसी नाही, कोविडमुळे बाळंतपणालाही कुणी आलेलं नाही. बाळ घामाने चिंब झालं म्हणून तिने खिडकी उघडली. ९ तारखेला तर दिवस उजाडलाच नाही, धुराने आकाश नारिंगी झालं.

"याला दमा झाला तर तो माझ्यामुळेच ना?"

"छे, काही होत नाही," असं सासूबाई फोनवर म्हणतच होत्या. "आम्ही तर बाळाला रोज धुरी द्यायचो!" (धुरीही धूरच. तान्ह्या बाळाला ती नको, हे बालरोगतज्ज्ञ सांगून थकले.) पण त्यांची ही सून रात्री दोनला उठून संशोधन वाचणारी. खोटा दिलासा तिने लगेच ओळखला असता.

म्हणून जे आहे ते सांगितलं. फुफ्फुसं जन्मानंतरही घडत असतात. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं, आपण १२ ते २०. कॅलिफोर्नियातच, डेव्हिसच्या संशोधन केंद्रात उघड्यावर वाढणाऱ्या माकडांच्या पिल्लांना २००८ च्या वणव्यांचा धूर लागला होता. पुढे तपासलं, तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांची क्षमता नंतरच्या वर्षी जन्मलेल्यांपेक्षा कमी भरली. तेव्हा तिची भीती निराधार नव्हती. पण धुराने धोका वाढतो हे खरं असलं, तरी याच मुलाचा खोकला त्याच खिडकीतून आला हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. तिच्या वडिलांना दमा होता, हे मला चौथ्या सत्रात कळलं, तेही बोलता बोलता. इतक्या वर्षांच्या हिशोबात तिने ते धरलंच नव्हतं.

मग त्या आठवड्याचे मोबाइलमधले फोटो काढायला लावले. नारिंगी दिवशी बराचसा धूर उंचावर होता, जमिनीलगतची हवा जास्त बिघडली ती पुढच्या दिवसांत. त्या दिवसांच्या फोटोंत सगळ्या खिडक्या बंद आणि दाराच्या फटीला टॉवेल. ती बराच वेळ पाहत राहिली. "हे मी केलं होतं?"

खोकल्याची वही मात्र ठेवायला सांगितली: रात्री जाग येते का, धावताना धाप लागते का, शिट्टी कधी वाजते. ती घेऊन ती बालरोगतज्ज्ञांकडे गेली. पाचव्या वर्षी बरीच मुलं श्वासाच्या तपासणीत नीट फुंकू शकतात. हा तर मेणबत्ती विझवल्यासारखा फुंकत होता म्हणे. इनहेलर मिळाला. "सवय लागेल" या धास्तीवर आमचं आणखी एक सत्र गेलं.

परवा तिचा मेसेज आला. धुराचा इशारा होता, म्हणून बेडरूम बंद करून हवा शुद्ध करणारं यंत्र लावलंय. आणि सासूबाई आता फोन उचलताच आधी विचारतात, "तिकडची हवा किती आहे गं आज?"