वेशीवर गाडी लाव

पोरा,

काल रात्री तू फोनवर म्हणालास, "काका, लोक विचारतात सीमाप्रश्नानं पोट भरतं काय? मी काय सांगू?" मी तेव्हा चिडलो. अर्धवट ऐकून फोन ठेवला, म्हणून आज सकाळी हे लिहितोय. तुम्ही पिरनवाडीवरून जांबोटीकडं निघायच्या आत वाच.

काही सांगू नको. गाडीतून उतर. एवढंच माझं सांगणं आहे.

उद्या मतदान, प्रचार कालच संपलाय. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास भोंगा नाही, सभा नाही. तो कोल्हापूरचा तुझा दोस्त इथला मतदार नाही, त्याला काल संध्याकाळीच परत धाडायला हवं होतं. नियम तसाच आहे, उगाच भावनेच्या भरात ठेवून घेऊ नको. आता राहिली ती घरोघरची भेट. ती धावत्या जीपमधून हात हलवून होत नाही. वेशीवर गाडी लाव आणि चालत जा.

मी हे कुठं शिकलो ते ऐक. एका निवडणुकीच्या आदल्या दिवशी आम्ही सहाजण कणकुंबीच्या बाजूला फिरत होतो. एका वाडीत म्हातारीनं हात केला. "माझं नाव कुठल्या शाळेत हाय बघ की रे." मी जीपमधूनच ओरडलो, "नेहमीच्याच शाळेत, आजी!" यादी माझ्या मांडीवर होती. उघडली नाही. त्या वेळी त्या वाडीचं केंद्र बदललं होतं. दुसऱ्या दिवशी ती जुन्या शाळेपर्यंत चालत गेली, तिथून परत पाठवली गेली, आणि घरी जाऊन बसली. आम्हाला अजून नऊ गावं करायची होती, काळोख पडत आला होता, जीपचा एकच दिवा लागत होता. सांगायचं एवढ्याचसाठी, की मी काही माजलो नव्हतो. पण उतरलो नाही, हे खरंच.

१९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. त्यातला एक मी. तेव्हा अनामत ५०० रुपये होती, आमच्यासारख्यांमुळंच पुढं १०,००० झाली. लोक आजही हसतात. हसू देत. प्रश्न दिल्लीच्या कानावर घालायचा होता, त्याबद्दल मला आजही खंत नाही. खंत त्या म्हातारीची आहे. एवढ्या नावांत आपलं नाव मिरवलं, आणि तिचं एक नाव शोधायला उतरलो नाही.

आणखी एक. तू कन्नड शाळेत शिकलास म्हणून आमच्यात बसताना अवघडतोस, हे मला दिसतं. अरे, १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्ध आम्ही रस्त्यावर होतो, पण ते सक्तीविरुद्ध! यादी कन्नडमध्ये असली तर मला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं, तू झरझर वाचतोस. तू वाच. मोठ्यानं वाच, त्यांना ऐकू दे. पोटाचं विचारणाऱ्याला आधी त्याचा यादीतला नंबर काढून दे. मग तो काय बोलतो ते ऐकून घे, वाद घालू नको. आमच्या पिढीनं वाद फार घातला. (घालायलाच हवा होता, पण तो विषय वेगळा.)

जांबोटीच्या पुढं फोनवर विसंबू नको, यादी कागदावर ने. मतदार चिठ्ठी देताना सांग, २०१९ पासून नुसती चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही, मतदार कार्ड किंवा आधारसारखं ओळखपत्र बरोबर हवं. उद्या केंद्रावर बसणाऱ्या आपल्या एजंटाला बजाव, मतदान संपल्यावर १७-सी फॉर्मची, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय खोली सोडायची नाही.

पोरं म्हणतील वेळ नाही, चार वाड्या सोडून देऊ. सोड. पण ज्या वाडीत जाशील तिथं उतर.

डबा बांधून ठेवलाय, काकूकडून घेऊन जा. रात्री कितीही वाजू देत, घरी पोचल्यावर मिस कॉल दे. मी जागा आहे.

तुझा काका